मनीच्या बाळंतपणाला जाताना

गाव आमचं पलूस तालुक्यात, नदीपास्नं कोसभर आत. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आन मी थोरला. शाळा म्हणाल तर दुसरी. त्याचं असं झालं, वर्गात कुणीतरी पाटी फोडली आन मास्तरनं छडी मला मारली, मी म्हणलं मी न्हाई फोडली, तर मास्तर म्हणाला उलट बोलतोस व्हय रं, आन दुसरी मारली. मी पिशवी उचलली आन घरी आलो ते आलोच. आई म्हणाली जा रं, बाप म्हणाला जा रं, मास्तर स्वता दारात येऊन गेला, पर मी काय गेलो न्हाई. काय सांगू तुमाला, सोभावच हाय तसा. एकदा न्हाई म्हणलं की न्हाई. त्या सोभावानं मी लय ठिकाणी ताठ उभा ऱ्हायलो, आन एका ठिकाणी लय पस्तावलो.

तुमी आलाय गिरणीचं लिवून घ्याय, ते बी सांगतो. सोळाव्या वर्साला मी माधवनगरला गिरणीत लागलो, आधी झाडलोट, मग साच्यावर. कापड इणायच्या यंत्राला आमी साचा म्हणायचो. एका शेडात शंभरावर साचे, आडवं सूत वढणारे सगळ्यांचे धोटे एकदम इकडनं तिकडं खडाखडा पळायचे, तितं माणूस कानात वरडला तरी ऐकू यायचं न्हाई. उजवा कान माझा त्या साच्यांनीच खाल्ला. मग बोलायचं कसं, तर हातानं. मूठ वर करून उघडली की साचा थांबीव. दोन बोटं तळहातावर टेकली की जागा सोडू नको, मी येतो. कोपराला हात लावला की मुकादम आलाय. नवा माणूस पंधरा दिसात शिकायचा, शिकला न्हाई तर बोट तरी जायचं न्हाईतर काम तरी.

लगीन झाल्यावर आमची मंडळी बी त्याच गिरणीत लागली, सुताच्या कांड्या भराय. तिचं खातं एका टोकाला आन माझा साचा दुसऱ्या टोकाला, मधी जाळीचं दार. तिथनं ती मला इचारायची, भाकरी खाल्ली का, मी हातानं सांगायचो खाल्ली. घरनं भांडून आलेलो असलो तर भांडाण बी तितं हातानंच चालायचं, आन बाकीचे कामगार साचा सोडून आमच्याकडं बघत बसायचे. एकानं तर म्हणलं, गड्या तुझं बरं हाय, बायकू बोलती आन ऐकू येत न्हाई. आता त्याला काय सांगायचं, हाताचं बोलणं कान झाकून टळत न्हाई, डोळं झाकाय लागत्यात, आन साच्यावर डोळं झाकून चालत न्हाई.

गिरणी बंद पडली तवा आमी गावाकडं आलो. थोडं रान हाय, त्यात ऊस आन हळद. पर मनीच्या शाळंसाठनं लय वर्सं माधवनगरची खोली ठेवली हुती. मनी म्हंजे आमची लेक. लगनानंतर बारा वर्सांनी झाली, आन एकलीच. ती विश्रामबागला कॉलेजात जायची तवा मीच सायकलीवर सोडायचो, डबलसीट, ती म्हणायची आप्पा अलीकडं उतरवा, मैत्रिणी बघत्यात, मी म्हणायचो बघू दे की. इंजिनेर झाली. जावई बी इंजिनेर, सातारचा, लय भला माणूस, मला मामा म्हणतो. ती दोघं जर्मनीला गेली. आन लगनाला नऊ वर्सं झाली तवा मनीला दिवस गेले.

आता आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात बदल न्हाई. पर डाक्टरनं तिला सांगितलं विमानात बसायचं न्हाई, जिवाला धोका हाय. ती फोनवर रडाय लागली, तोंड दिसतंय फोनात, आन मी आपला पाऊसपाणी सांगत बसलो. मनीची आई मातूर उठली. आत गेली, ट्रंक उघडली, जुनी लुगडी काढली, धुवून धुवून लोण्यावाणी मऊ झालेली, आन फाडून दुपटी शिवाय बसली. म्हणलं हे काय चाललंय, तर ती म्हणाली, लेकीला माहेरी येता येत न्हाई तर माहेरानं जायला नको का.



पासपोर्ट झाला, व्हिसाचं शिक्कं झालं, जावयानं तिकिटं काढली. मुंबईत बसायचं, आखातात एका मोठ्या विमानतळावर उतरायचं, आन तितं दुसरं विमान धरायचं. जावई फोनवर म्हणाला, मामा, मधी अडीच तास हायत, आन दोघांना चाकाची खुर्ची सांगून ठेवलीय, नुसतं बसायचं, ती माणसं दुसऱ्या विमानाच्या दारात न्हेऊन सोडत्यात. मी म्हणलं, खुर्चीत बसून जायाला मी काय दवाखान्यातनं आलोय. तो म्हणाला, मामा ते विमानतळ पलूसपेक्षा मोठं हाय. मी म्हणलं, पलूस मी चालतच फिरतो. तो म्हणाला, मामा एवढंच सांगतो, ते विमान चुकवू नका, त्याच्या नंतरची जागा चार दिसांनी हाय, आन मनीचं आपरेशन तुमी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलंय. आई येत न्हाई तवर मी टेबलावर जाणार न्हाई असं ती डाक्टरला म्हणालीया, पर डाक्टर काय थांबणार न्हाई.

ते मी ध्यानात ठेवलं. दोघांचे पासपोर्ट, दोघांची तिकिटं, सगळं माझ्या बंडीच्या आतल्या खिशात, वरनं पिना लावलेल्या. कागद गड्याकडंच असत्यात आमच्यात. मनीच्या आईकडं तेवढी पिशवी, दुपटी, डिंकाचं लाडू, बाळंतशेपा, घरची हळद.

आता मुंबईचं विमानच सव्वा तास उशिरा हाललं. उतरलो तवा सकाळचं ऊन पडलं हुतं, आन दुसऱ्या विमानाला सव्वा तासच ऱ्हायला. दारात दोन खुर्च्या उभ्या हुत्या. एक बाई हुती नेपाळची, हिंदी बोलायची, गोल तोंडाची, मनीएवढीच असंल. ती म्हणाली, आइये बाबूजी, बैठिये माताजी. मनीच्या आईचं गुडघं चार वर्सं झाली धरल्यात. ती त्या खुर्चीकडं बघत हुती. ते मी बघितलं. बघून बी म्हणलं, नको, हम चलके जायेंगे. ती बाई म्हणाली, बाबूजी बहुत दूर है. मी म्हणलं, हमको आदत है. मनीच्या आईला इचारलं न्हाई. तिनं पिशवी उचलली आन माझ्या मागनं निघाली.

आमच्यात चालायचं कसं, गडी पुढं, बाई मागं चार पावलं. बाजाराला जाताना, देवाला जाताना, लगनाला जाताना तसंच. कुणी शिकवलेलं न्हाई, बाप तसा चालायचा, मी बी तसाच चाललो अठ्ठेचाळीस वर्सं. मागं बघायचं नसतं, ती हायच असं धरूनच चालायचं. गावात ते जमतंय, रस्ता एकच असतोय.

त्या विमानतळाची फरशी म्हणाल तर आरशावाणी, वर काचा, बाजूला काचा, कुठं काच हाय आन कुठं वाट हाय ते कळंना. जगातली माणसं पळत्यात. आकडं मला वाचता येत्यात, साच्यांवर इंग्रजीच आकडं हुते, आन आमच्या विमानाच्या दाराचं अक्षर हुतं ते दोन पोटं एकावर एक ठेवल्यावाणी, ते मी ध्यानात धरलं आन पाट्या बघत सुटलो. डोसक्यात एकच, चार दिवस, चार दिवस. कुणालाबी कागद दावला की तो हात लांबवायचा, पुढं, आणि पुढं. मी पाय उचलला. उजव्या अंगाला ऐकू येत न्हाई, आन ती काय एवढ्या परक्या माणसांत मोठ्यानं हाक मारणारी न्हवं.

पुढं एक आगगाडी आली. विमानतळाच्या आत आगगाडी, सांगितलं तर पटणार न्हाई तुमाला, ह्या अंगाचं विमान सोडून त्या अंगाच्या विमानाकडं न्हेती, चालवणारा बी न्हाई तिच्यात. दार उघडं दिसलं, वर पाटी त्याच अक्षराची. मी आत शिरलो आन वळून म्हणलं, ये लवकर.

मागं कोण न्हवतंच.

ती पंचवीस-तीस पावलं लांब हुती. भिंतीला एक हात लावून चालत हुती, एक पाय ओढत, पिशवी छातीला धरून. तिनं मला बघितलं आन पावलं उचलली, आन दार मिटलं. एक न्हाई, दोन दारं, दोन्ही काचेची. ती काचेपाशी आली तवा मधी वीतभर जागा हुती, आन कागद समदे माझ्या खिशात.

मी दारावर थापा मारल्या. माणसं बघाय लागली. वरडून उपेग न्हवता, तिला ऐकू येणार न्हाई ते मला दिसत हुतं. तर ती कशी हुती सांगू, ती रडत न्हवती. तिनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळं केलं, आन माझ्याशी बोलाय लागली. गिरणी बंद पडून किती वर्सं झाली, पर हात इसरलं न्हवतं. तिनं माझ्याकडं बोट केलं, मग पुढं हात केला, मग पोटावर गोल हात फिरवला. म्हंजे तुमी जावा, पोरीकडं जावा, कुणीतरी एक पोचाय पायजे.

ऐका तुमी. कागद न्हाईत जवळ, भाषा न्हाई, गुडघं न्हाईत, आन ती मला म्हणती तुमी जावा.

मी मूठ वर केली आन उघडली. मग दोन बोटं तळहातावर टेकली, एकदा न्हाई, तीनदा. जागा सोडू नको, मी येतो. ती मान हलवाय लागली न्हाई म्हणून, परत पोटावरनं हात फिरवला, आन गाडी हालली.

त्या गाडीत मी दोन-तीन मिनटं असंन, पर काय सांगू. मी खांबाला धरून उभा हुतो आन मला एवढंच दिसत हुतं, ती भिंतीला हात लावून चालतीया. असं ती किती वर्सं चालत असंल माझ्या मागं, गुडघं धरल्यापास्नं, बाजारातनं, देवळातनं, मी कवा बघितलंच न्हवतं की ती कशी चालती. तोंड वळखीचं, हात वळखीचं, पर तिची चाल मी पहिल्यांदा बघितली, ती बी काचंतनं. एक दाढीवाला माणूस हुता शेजारी, त्यानं सगळं बघितलं हुतं, तो म्हणाला, चाचा, अगले स्टेशन पे उतरो, सामनेवाली गाड़ी वापस जाती है. म्हणलं, वो वहाँ होगी ना. तो म्हणाला, तुमने बोला है तो होगी.

उतरलो, समोरची गाडी धरली, माघारी आलो तर त्याच ठेसनाच्या पलीकडल्या अंगाला. वळसा घालून पळालो. ह्या वयात पळालो, लाज न्हाई बाळगली.

तितं चार-पाच माणसांचा घोळका. दोन वर्दीवाले, आन ती नेपाळची बाई, रिकामी खुर्ची घेऊन. ती आमच्या मागनं रिकामी खुर्ची ढकलत येत हुती म्हणं, तिला ठावं हुतं माताजी कुठंवर चालणार ते. आन मधी आमची मंडळी, दोन्ही हातांनी कठडा धरून उभी. वर्दीवाला म्हणतोय पेपर, पासपोर्ट, तर हिचं एकच, आपल्या मराठीत, ते येत्यात, मी हलणार न्हाई. खुर्चीत बसा म्हणलं तर खुर्चीत बसली न्हाई, न जाणो बसल्यावर ढकलत न्हेलं तर. पाय थरथरत हुतं तिचं, पर जागा सोडली न्हवती.

मला बघितलं आन पहिलं काय म्हणाली, तर आलासा कशाला माघारी, मी सांगितलं हुतं न्हवं जावा म्हणून. मला राग बी आला आन काय बी झालं, म्हणलं, मी एकटा जाऊन तितं काय करू, बाळंतिणीला मी न्हाऊ घालू का पोराला टाळू भरू. तशी ती हसली. हसली आन मग गुडघ्यांनी दगा दिला, मी धरली, आन त्या खुर्चीत मीच बसवली.

नेपाळची बाई घड्याळ बघून म्हणाली, बीस मिनट. मग वर्दीवाल्याला कायतरी सांगितलं, त्यानं दुसरी खुर्ची आणली आन माझ्यापुढं धरली. मनीची आई बघत हुती मी काय करतो. मी बसलो.  ती म्हणाली, पलूस केवढं हाय आन हे केवढं हाय, बघितलं का. बोलून घ्यायची तिची पाळी हुती.

मग काय, ती बाई पुढं, वर्दीवाला माझ्या मागं, परत ती आगगाडी, मग लांबच लांब वाट, लोक बाजूला सरत्यात, आमी दोघं चाकांवर जोडीनं, वरात निघाल्यावाणी. ती बाई पळता पळता त्या हातातल्या फोनवर वरडत हुती, दो हैं, दो बुजुर्ग, रोको, रोको. दारात पोचलो तवा वाट बंद कराय पट्टा लावत हुते. पट्टा काढला त्यांनी. मनीच्या आईनं उठायच्या आधी पिशवी उघडली, लाडवाचं पुडकं सोडलं, दोन लाडू त्या बाईच्या हातावर ठेवलं आन इचारलं पोरंबाळं काय. भाषा कळली न्हाई पर इचारलेलं कळलं, बाई म्हणाली एक लड़की है, माँ के पास, नेपाल में. मनीच्या आईनं तिच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. मी हात जोडलं. 

पोचलो आमी. दुसऱ्या दिवशी मनीला आत न्हेली तवा आईचा हात तिच्या हातात हुता दारापतोर. नात झाली. आईच्या लुगड्याचं दुपटं तिच्या अंगाला लागलं ते पहिलं कापड. न्हाऊ, धुरी, टाळू, सव्वा महिना सगळं झालं, माहेरी झालं असतं तसंच.

आता जे सांगायचं हाय ते सांगतो. पाचवीच्या दिवशी जेवाय बसलो हुतो, जावयानं सहज इचारलं, मामा, विमान बदलताना काय तरास न्हाई न्हवं झाला. माझा घास हातातच ऱ्हायला. खुर्ची नको म्हणून ह्याच जावयाला मी फोनवर ऐकवलं हुतं. तर मनीची आई भात वाढता वाढता म्हणाली, आवं काय सांगू, मीच येंधळी, त्या काचा बघत ऱ्हायले आन मागं पडले, ह्यांनी माघारी येऊन मला शोधली, हे हुते म्हणून पोचलो. मनी माझ्याकडं बघाय लागली, म्हणाली, आप्पा, तुमी होता म्हणून. आन मी तो घास खाल्ला. 

दोन वर्सं झाली त्याला. नात आता फोनात आज्जी म्हणती, आज्जा म्हणाय येत न्हाई अजून. पावण्यारावळ्यांत ती गोष्ट कितीदा निघाली, दरखेपंला मनीची आई तसंच सांगती, मी येंधळी, ह्यांनी शोधली. लोक म्हणत्यात शाबास. मी पान खात बसतो. घरात दोघंच असताना बी तिनं कवा काढलं न्हाई, टोमणा म्हणून सुदिक न्हाई. आन मला बोलाय होत न्हाई. तोंडापतोर येतंय आन परत जातंय. सोभाव सांगितला न्हवं तुमाला.

आता ती शेजारी शेवया कराय गेलीया म्हणून एवढं बोललो. तुमी गिरणीचं लिवा, साच्यांचं लिवा, पर हे बी लिवा आन नीट लिवा. ती येंधळी न्हवती. तिला खुर्ची पायजे हुती, मी इचारलं न्हाई. मी मागं बघितलं न्हाई. ती जागेवर उभी ऱ्हायली म्हणून पोचलो, माझ्यामुळं न्हवं. असंच लिवा, माझ्या नावानं.

देव तुमचं बरं करो, एवढ्या उन्हाचं म्हाताऱ्याचं ऐकत बसलासा. लिवून झालं की इकडं एक चक्कर मारा. तिला वाचाय येत न्हाई, तिच्यापुढं बसून मोठ्यानं वाचून दावा, समदं, मधलं काय न गाळता. पर सकाळच्या पारी या. त्या टायमाला मी रानात असतो.